गोमीबाईची चूल

फौजदार मढवी कल्याणहून कॅम्पात पोचले तेव्हा सिंधी निर्वासितांसाठी आलेल्या सरकारी कांबळ्यांचं कोठार जळून गेलं होतं. गुन्हेगारही तयार होता. कॅम्प अधिकारी सबनीस यांनी तपास आटोपूनच ठेवला होता. फौजदारांनी येऊन मान डोलवायची, एवढंच बाकी होतं.

"परवा मुंबईचे साहेब कोठाराच्या मोजणीला येणार, आणि आजच हे!" सबनीस हळहळले. "कोठाराला लागून गोमीबाईची खोली. तिच्या चुलीची ठिणगी. संध्याकाळच्या ट्रकनं सासूसकट लांबच्या कॅम्पात पाठवतोय. हुकूम काढलाय."

"चूल पेटलेली पाहिली कोणी?"

"मीच. दुपारी तिच्याकडेच जेवलो. गरम फुलके होते." त्यांनी मनगट पुढे केलं. गेल्या पौर्णिमेची राखी अजून होती. "मानलेली बहीण आहे हो. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य!"

"कोठाराची किल्ली?"

"माझ्या कमरेला. विश्वासाचा माणूस मिळतो कुठे?"

मढवींनी राख उकरली. नुसता जळक्या गवताचा वास आला.

गोमीबाईच्या खोलीत गोणपाटाच्या पडद्याआड सासू खाटेला खिळलेली. ट्रकचे धक्के तिला सोसणार नाहीत, असं डॉक्टर सांगून गेले होते. चूल सारवून वर हळदकुंकू वाहिलेलं. गोमीबाईनं फौजदारांपुढे गोड लोली ठेवली. जाड पोळीच ती, गार, कालची.

"बाई, आज चूल पेटवलीत?"

तिनं सबनीसांकडे पाहिलं. "भाई बोलता है, तो जली होगी."

मढवी बाहेर आले. बराकींच्या अख्ख्या रांगेत कुठेच धूर नव्हता.

"सबनीससाहेब, उद्या गोकुळाष्टमी. म्हणजे आज या सिंध्यांची थदडी. आपल्याकडच्या शिळासप्तमीसारखं. चूल पुजायची, पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार खायचं. मग तुम्ही गरम फुलके खाल्लेत कुठे?"

सबनीस राखी चाळवू लागले.

"लोकर जळली की केस जळल्यासारखी घाण सुटते. इथे जळलंय गवत. कांबळी तुम्ही आधीच बाजारात घातलीत. मोजणी आली, तशी रिकाम्या कोठारात गवत भरून काडी लावलीत. पण बहिणीलाच का गोवलंत?"

"दुसऱ्या कोणी बोंब मारली असती," सबनीस शांतपणे म्हणाले. "ही मला खोटं पाडणार नाही, ठाऊक होतं."

"तुम्हाला अटक आहे. चौकीवर नेण्याआधी तिचा हुकूम रद्द करा."

"अटक झाली ना मला? मग माझी सही चालत नाही. नवा अधिकारी येईपर्यंत जुना हुकूम लागू. नियम आहे."

नियम खरोखरच होता.

ट्रक वेळेवर आला. कॅम्पात तेवढंच वेळेवर यायचं. गोमीबाईनं उरलेली लोली सबनीसांच्या हातावर ठेवली. "भूखा मत जाना, भाई." त्यांनी खाल्ली.

मग म्हातारीची खाट ट्रकवर चढवली. वारं सुटलं होतं. गोमीबाईनं पांघरायला एक कांबळं मागितलं.

"कांबळी?" शिपाई म्हणाला. "ती तर सगळी जळाली ना बाई, तुझ्या चुलीनं."