सहावी रचना

१९९७ च्या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी कुरियरवाला घर विचारत आला, तेव्हा शांभवी दुधात पाणी किती यावरून दूधवाल्याशी भांडत होती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत कुरियर ही चीज नवीच होती. एरवी परदेशचं टपाल आलं की पोस्टमन ते आधी सगळ्या गल्लीला दाखवायचा, मग घरी आणायचा.

पाकिटात एक सीडी होती. वरच्या चित्रात दाढी वाढवलेला प्रणवेश, मांडीवर वीणा. सोबत एक चिठोरं, त्यावर दोनच शब्द: माफ कर. मराठी शब्द, तमिळ अक्षरांत. तंजावूरच्या मराठी घरांत देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. चिठ्ठ्याचपाट्या अशाच चालतात.

"कोण ते?" तिच्या आईने, अम्मांनी, आतून विचारलं.

"कोण नाही. प्रणवेश."

"मग कोण नाहीच," अम्मा म्हणाल्या आणि पुन्हा कढीपत्ता निवडू लागल्या.

प्रणवेश आणि शांभवी एकाच गुरूंकडे बारा वर्षं वीणा शिकले आणि मग दोघांनी मिळून परंपरेच्या कुंपणावरून उडी मारली. तारांत केरसुणीच्या काड्या अडकवल्या, वीणा गजाने वाजवून पाहिली, पडद्यांच्या जागा बदलल्या. संगीतसभावाले म्हणाले, हा वीणेचा छळ आहे. दोघांना त्याचा अभिमान वाटला, कारण छळ करायलाही दोघंच होते. ९२ साली हॉलंडच्या एका शिष्यवृत्तीसाठी दोघांच्या नावाने अर्ज लिहिला. पोस्टात टाकला प्रणवेशने. पत्र आलं ते त्याच्या एकट्याच्या नावाने, कारण अर्जही त्याच्या एकट्याच्याच नावाने गेला होता. सहा महिन्यांत बोलावतो म्हणाला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पाच वर्षं झाली तरी शांभवीची ती जखम ओली होती, आणि ती ओली आहे हे ती कुणालाही बिनदिक्कत सांगायची.

या पाच वर्षांत तिने शाळेत गणित शिकवलं आणि घरी चार रचना केल्या. त्या कुठे वाजवल्या नाहीत. ऐकणाऱ्या एकट्या अम्मा, त्याही भाजी चिरता चिरता. आणि आता, छत्तिसाव्या वर्षी, चेन्नईच्या एका छोट्या सभागृहाने तिला डिसेंबरात बोलावलं होतं. पहिला स्वतंत्र कार्यक्रम. अट एकच: सगळं नवं हवं, कुणी कधी न ऐकलेलं.

तिने सीडी लावली. सहा तुकडे होते. पहिल्या स्वराला तिला हसू आलं. चौथ्या स्वराला ते गेलं.

ती तिची रचना होती. तिसऱ्या तारेवरच्या काडीची खरखर, मध्यावरची अकरा मात्रांची शांतता, शेवटचा मुद्दाम बेसूर सोडलेला स्वर, सगळं जिथल्या तिथे. दुसरा तुकडा तिची दुसरी रचना. मग तिसरी, चौथी. तिने यंत्र बंद केलं.

"का थांबिवलीस गे? छान वाजिवलीस की," अम्मा म्हणाल्या.

"मी नव्हे ती, अम्मा. प्रणवेश."

अम्मांनी विळी बाजूला सारली. "असां कसां? हात तुझा आहे."

घराबाहेरच्या एकाच माणसाने त्या रचना ऐकल्या होत्या: वेंकटराव. वीणेचे चोवीस पितळी पडदे काळ्या मेणात बसवणारा साठीचा कारागीर. शांभवीला हव्या त्या आडनिड्या जागी पडदे बसवताना तो दोन-दोन दिवस ओसरीवर ठाण मांडायचा आणि म्हणायचा, "या जागा देवाला ठाऊक नाहीत, शांभवीबाई. तुम्हाला कोणी सांगितल्या?" संशय एकदा शिरला की त्याला पाय फुटतात. तिने त्याला बोलावून घेतलं आणि उभ्या उभ्या विचारलं, "किती दिले प्रणवेशने?"

वेंकटराव आधी हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"तुमच्या आजोबांच्या वीणेला माझ्या बापानं मेण लाविलं," तो म्हणाला. "मी विकीन होय? पुन्हा बोलावू नका मज." मेणाचा डबा उचलून तो गेला. वहाणा पायात घालायलाही थांबला नाही, हातात घेऊन गेला.

तो गेल्यावर तिने सीडीच्या आतला कागद पहिल्यांदा नीट वाचला. ध्वनिमुद्रण: मार्च १९९४.

तिने आपली वही काढली. पहिल्या रचनेवर तारीख होती १२ जून १९९५. चौथीवर ह्याच वर्षीचा ऑगस्ट.

ती बराच वेळ दोन्ही तारखांकडे पाहत बसली. वेंकटरावाची माफी मागायला जायला हवं, हे तिला कळत होतं. पण लाज वाटली. उद्या जाईन म्हणाली, आणि गेली नाही.

शांभवी गणितात बी.एस्सी. होती. भुताखेतांच्या गोष्टींना ती तोंडावर हसायची. तिने स्वतःला समजावलं: प्रणवेश इथे असताना कधीतरी हे गुणगुणला असेल, आपण विसरलो असू आणि मग आपलं समजून रचलं असेल. म्हणजे चोर आपणच. ही शक्यता कडू होती, पण शक्यता होती. पाचवा तुकडा तिने अजून ऐकला नव्हता. तेव्हा पाचवी रचना अशी करायची, की जी कुणाच्या डोक्यातून येऊच शकणार नाही.

बुधवारी शाळेतून आल्यावर तिने अम्मांची पल्लांगुळी काढली. चौदा खळग्यांची लाकडी पाटी, चिंचोके टाकत खेळायची. प्रत्येक खळग्याला एक स्वर दिला. अम्मांनी डोळे मिटून चिंचोके टाकायचे. ज्या खळग्यात पडतील तो स्वर, जितके पडतील तितक्या मात्रा. लिहायचं काही नाही. पडेल तसं लगेच वाजवायचं.

"हे संगीत की सोंगटी?" अम्मा म्हणाल्या, पण खुशीत बसल्या. सदुसष्टाव्या वर्षीही त्यांना खेळ म्हटला की चेव यायचा. मध्येच एक चिंचोका पाटीवरून उडाला आणि टणटणत कपाटाखाली गेला. "गेला, पळाला!" म्हणून अम्मा खळखळून हसल्या. शांभवी वाजवतच राहिली. सहा मिनिटांत चिंचोके संपले.

मग तिने पाचवा तुकडा लावला.

तोच पहिला स्वर. तेवढ्याच मात्रा. मग दुसरा. शांभवी अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होती, आणि एकही पेर चुकत नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला सीडीतून काहीतरी टणटणत गेलं, आणि पाठोपाठ कुणीतरी खळखळून हसलं.

अम्मांनी तोंडाला पदर लावला.

"मी आत्ता हसले की गे," त्या म्हणाल्या.

"हो अम्मा."

"बंद कर ते."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शांभवी बस स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेली. सीडीच्या मागे कंपनीचा नंबर होता. तिथून प्रणवेशच्या घरचा मिळाला. काचेच्या त्या खोक्यात उकडत होतं, बिलाचे लाल आकडे पळत होते. आपण काय बोलायचं हे तिने पाच वर्षं पाठ केलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"शांभवी बोलतेय. कुठून चोरलास तू ते?"



"तूच पाठिवलीस की," प्रणवेश म्हणाला. "चौऱ्याण्णवला, फेब्रुवारीत. कॅसेट. पाकिटावर तुझं अक्षर, तंजावूरचा शिक्का. आत एक ओळ नाही. मी तीच जशीच्या तशी आपल्या नावानं छापिलो, मार्चात. पाप माझंच. आज भांडशील, उद्या भांडशील करून वाट पाहिली तीन वर्षं."

"मी काही पाठवलेलं नाही. मी ते तेव्हा केलंच नव्हतं."

ते त्याला ऐकू गेलं नाही, किंवा कळलं नाही. तो पाच वर्षांचं साठलेलं बोलत होता. "सहावा छापू नका म्हटलो मी. कंपनीवाल्यांना तोच आवडला. तो ऐकूनच मज कळलं. दोन ओळी तरी लिहायच्या होत्या तुला, पण कुठल्या तोंडानं लिहू? कधी झालं ते?"

"काय कधी झालं?"

"अम्मांचं."

लाल आकडे पळत होते. बाहेर पापनाशमची बस भरत होती, कंडक्टर ओरडत होता.

"अम्मा घरी आहे," शांभवी म्हणाली. "गच्चीवर तांदळाचे वडाम वाळत घालतेय."

आता मात्र तो एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "सहावा ऐकू नको, शांभवी." आणि फोन ठेवला.

ती अर्धी रजा टाकून घरी आली. अम्मा खरंच गच्चीवर होत्या, कावळ्यांना हाकलत होत्या. शांभवीने त्यांना तशाच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. छाती तपासली, रक्त तपासलं. "यांची प्रकृती तुमच्यापेक्षा बरी आहे," डॉक्टर म्हणाले. अम्मा परतीच्या वाटेवर सगळ्या ओळखीच्यांना ते सांगत आल्या.

त्या संध्याकाळी शांभवीने ठरवलं. सहावी रचना करायचीच नाही. रचना झाली नाही, तर तिचं ध्वनिमुद्रण कशाचं? तिने चेन्नईला फोन करून कार्यक्रम रद्द केला. वीस वर्षं जिच्यासाठी लग्न, बदली, बढती सगळं बाजूला ठेवलं, ती गोष्ट दोन वाक्यांत संपली. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. प्रणवेशने फसवलं ते समजण्यासारखं होतं, माणसं फसवतात. पण स्वतःच्याच हातांनी असा दगा द्यावा, हे तिला सोसेना. कुणावर चिडायचं, तेही कळेना.

अम्मांना तिने अर्धंच सांगितलं.

"माझ्यासाठी सोडतेस?" अम्मा म्हणाल्या. "मज विचारलीस काय? तू वाजिवली नाहीस तर मी भाजी चिरताना काय ऐकू?"

"रेडिओ ऐक."

"रेडिओ तुझ्यासारखा चुकत नाही गे," अम्मा म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

पण नुसतं ठरवून भागेना. येता-जाता वीणा दिसायची आणि बोटं शिवशिवायची. शुक्रवारी दुपारी चार वाजता ती सतरंजी पसरून बसली आणि वीणा मोडायला घेतली. खुंट्या करकरत सातही तारा सैल केल्या, काढल्या, गुंडाळल्या. मग सुरी घेतली. हे काम वेंकटरावाने फुलासारखं केलं असतं. पण त्याला बोलावायचं तोंड तिला उरलं नव्हतं. मेण खरवडून एकेक पडदा ती उचकटत गेली आणि पितळी ताटात टाकत गेली. एकोणिसावा हातातून निसटून फरशीवर पडला. चोविसावा निघाला तेव्हा तिचे हात काळे झाले होते आणि डोकं हलकं. फणसाच्या लाकडाचा एक लांबट तुकडा समोर पडला होता. त्यातून आता कुणीच काही वाजवू शकणार नव्हतं.

"अगे, कापी निवतेय," अम्मांनी स्वयंपाकघरातून कॉफीला हाक दिली. "काय ते टणटण लाविलीस मघापासून?"

"आले अम्मा."

पण ती उठली नाही. आता एकदा खात्री करून घ्यावी असं तिला वाटलं. सहाव्यात काहीही असो, ते या घरात आता घडणार नव्हतं. ते खोटं पडलेलं तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. तिने पदराला हात पुसले आणि सहावा तुकडा लावला.

त्यात वीणेचा एकही स्वर नव्हता.

खुंटी करकरली. मग दुसरी. अशा सात.

मग मेणावर सुरी खरवडल्याचा आवाज. आणि टण.

ती मोजू लागली. अठरापर्यंत ताटात. एकोणिसावा फरशीवर.

तेवीस. चोवीस.

"अगे, कापी निवतेय. काय ते टणटण लाविलीस मघापासून?"

"आले अम्मा."

मग नुसती खरखर. यंत्रावरचा आकडा सांगत होता, अजून साडेतीन मिनिटं आहेत. त्या खरखरीत कुणीतरी श्वास घेत होतं. कोंडलेला, अडखळत येणारा, फार जवळचा श्वास. शांभवीने तो ओळखायचा प्रयत्न केला. अम्मांचा नव्हता.

मग सीडीत तिचाच आवाज आला. "अम्मा?"

थोड्या वेळाने पुन्हा, जरा मोठ्याने. "अम्मा!"

तिसरी हाक अम्मांना नव्हती. ती दारातून, तमिळमध्ये, शेजारच्या मामींना होती. लवकर या, लवकर.

शांभवीने यंत्र बंद केलं.

स्वयंपाकघरात गॅसची फुरफुर चालू होती. बांगडी वाजली नाही. पेल्यातून वाटीत कापी ओतल्याचा आवाज आला नाही.

हाक मारायची नाही, तिने ठरवलं. मी हाकच मारली नाही, तर पुढचं काही होणार नाही.

आपसूक तोंड उघडू नये म्हणून तिने दोन्ही काळे हात तोंडावर घट्ट दाबून धरले आणि ती आतल्या दाराकडे पाहत बसून राहिली. बोटांच्या फटीतून श्वास कोंडत, अडखळत येऊ लागला, आणि सीडीतला तो श्वास कुणाचा हे तिला कळलं.