उपाशीपोटी प्रवेश नाही

त्या खोलीत आवाज कधी परत येत नसे. भिंतींवर, छतावर सगळीकडे स्पंजचे टोकदार सुळके. बोललेला शब्द त्यांतच जिरायचा. बाहेर कोरियातल्या तेजॉन शहरात पाऊस कितीही कोसळो, आत थेंबही ऐकू येत नसे. अशा खोलीत माइक लावून हेवॉन एक जाळीदार फळी तपासत होती… आणि आलेखावर सारखी गुरगुर उमटत होती.

फळी साधीसुधी नव्हती. त्रिमिती छपाईयंत्राने थरावर थर चढवून घडवलेली. आत भुलभुलैयासारख्या वाटा. वारा आरपार जावा, आवाजाने मात्र आतच वाट चुकावी, अशी. हेवॉनने पुन्हा मोजलं. पुन्हा गुरगुर.

"फळीच बिघडलेली दिसते," ती पुटपुटली.

"फळीला नावं ठेवू नका… ते माझं पोट आहे."

ती दचकून वळली. फळी घेऊन आलेला मुलगा निकालाची वाट बघत कोपऱ्यात बसलाय, हे ती साफ विसरली होती. गिचान त्याचं नाव. कान लालबुंद. सकाळपासून छपाईयंत्रापाशी उभा होता म्हणे, जेवायचं राहूनच गेलं.

हेवॉनने त्याला कँटीनमध्ये नेलं, समोर बसून वाटीभर सूप संपवायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर पाटी चिकटवली – उपाशीपोटी प्रवेश नाही.

मग ते रोजचंच झालं. बोटांना छपाईच्या राळेचा उग्र वास घेऊन तो नवी फळी आणायचा, ती दार अडवून विचारायची, जेवलात का? तो साळसूदपणे म्हणायचा, आठवत नाही. की तिच्या डब्यातल्या किंबापची, भाताच्या त्या गोल चकत्यांची, निम्मी रास त्याची. एखाद्या दिवशी डबा उघडायच्या आधीच मोजमाप व्हावं, तर आलेखावर एकही गुरगुर नसायची… तो जेवूनच आलेला असणार हे उघड. हेवॉन डबा मात्र मोठा आणू लागली.

शरदात गिंकोच्या झाडांची पानं पिवळी झाली तेव्हा, बुटांकडे बघत, त्याने सांगितलं – दूर चांगवॉन शहरातल्या कारखान्यात नोकरी लागली, सोमवारी निघायचंय. तिने अभिनंदन केलं. जरा घाईघाईनेच.

शेवटच्या फळीचं मोजमाप चाललं होतं. आलेखाची रेघ सरळ चालली होती, आणि एकदम… गुर्रर्र.

"जेवला नाहीत?" तिने मागे न बघता विचारलं.

"पोटभर जेवलोय. हा मी नव्हे."

आता तिचे कान लाल झाले.

"घास उतरत नाहीये," हेवॉन म्हणाली. "तुम्ही जाणार म्हणालात… तेव्हापासून."

शब्द सुळक्यांत जिरले. त्या भिंती कुणाला उत्तर देत नसत. द्यायचं तर त्यानेच द्यायचं होतं. आणि तो पिशवीत खुडबुडत काहीतरी शोधत होता. त्याने किंबापची गुंडाळी तिच्या हातात ठेवली.

"मी रोज जेवून यायचो," तो म्हणाला.

"माहितेय," भरल्या तोंडाने ती म्हणाली.

"मग डबा का आणायचीस?"

"तू का मागायचास?"

तो हसला. माइक चालूच होता. त्या दिवशीचं मोजमाप वाया गेलं, पण पुसून टाकायचा धीर दोघांनाही झाला नाही.

सोमवारी तो गेलाच. पाटी अजून आहे दारावर, कोपरे वळलेली. नवी मुलं ती वाचून हसतात, का लावली ते कुणाला ठाऊक नाही. दुपारी चांगवॉनहून फोन येतो.

"जेवलीस?"

समोर डबा रिकामा असतो.

"आठवत नाही," हेवॉन म्हणते.