कानशिलावरची चांदी

कळमनुरीच्या बाजारात निलम आली होती मिरच्या घ्यायला, आणि एका दवाखान्याच्या दारात धडकली ती देविदासला. त्याच्या हातातला तारांचा गुंता खाली पडला. मागे पाटी होती – ‘विसरण्याच्या आजाराची मोफत तपासणी, आज शेवटचा दिवस’. साल दोन हजार चार. निलमच्या हाताला धरून तिची दादी, म्हणजे आजी, उभी होती, आपण कुठे आलोय हे विसरून.

देविदास नांदेडच्या कॉलेजात संशोधन करायचा. एकोणतीस रुग्ण झाले होते, तिसावा मिळाला की प्रबंध पुरा.

“डोक्यातल्या लाटा मोजतो मी,” तो म्हणाला. “जितक्या वेड्यावाकड्या, तितकं डोकं धड. आजारात त्या एकसुरी होतात. त्याचा आकडा काढायचा.”

“म्हंजे सरळ माणूस आजारी?”

“तुमचा आकडा लई मोठा येईल.”

निलमने हसू दाबलं. आगाऊच होता, पण तिला आवडला.

तिने दादीला तपासायला बसवलं. दादीच्या डोक्यावर तारांच्या एकोणीस चकत्या चिकटवायच्या होत्या. सतरा बसल्या. उरलेल्या दोन्हींच्या जागी, कानशिलांवर, दादीच्या केसांत चांदीच्या घुगऱ्या गुंफलेल्या होत्या.

“ह्या जरा काढा...”

“न्हाई,” निलम म्हणाली.

“पाचच मिनिटं –”

“दादा, माझे आजोबा, जाऊन चार वर्षं झाली.” निलमचा आवाज खाली आला. “तिच्या ध्यानात न्हाई. घुगऱ्या उतरवल्या की इचारते, काहून? मग सांगावं लागतं... अन् दादा आजच गेल्यावानी रडते. दोनदा झालं. मग मीच परत बांधल्या. तांडा नावं ठेवतो, ठेवू दे.”

देविदासही बंजारा तांड्यातलाच होता. नवरा गेल्यावर बाईच्या घुगऱ्या उतरतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने यादीतल्या रिकाम्या तिसाव्या ओळीकडे पाहिलं. मग एकेक चकती सोडवायला लागला, आणि ओल्या फडक्याने दादीच्या कपाळावरचा चिकटा हळूच पुसला.

“तुमचं काम?”

“लांबलं सहा महिने, पुढच्या तपासणीपर्यंत.”

एवढंच म्हणाला. कुरकुर नाही, उपकार नाही. निलमचा जीव जडला तो तिथेच, ते फडकं पिळणाऱ्या हातांवर.

दादी मात्र त्याला न्याहाळत होती. “कुठल्या गोताचा रे तू?”

“राठोड.”

“आमी पवार. जमतंय!” दादीने त्याच्या गालावरून हात फिरवला. “हिचे दादा बाजारातून येऊनच राहिले. ते आले की सोयरिकीचं बोलतील. थांब हां.”

निलमची मान खाली गेली. आता हा काय बोलेल...

“थांबतो, दादी,” देविदास म्हणाला, आणि खरंच बाकावर बसला.

तिघंही बसले. रस्त्यावरून नांदेडची एसटी गेली. दादी दाराकडे बघत राहिली. निलमने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली –

“दादांना वेळ लागंल... तवर मला इचारलं तरी चालंल.”