सत्तर-तीसचा संशय

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; दामिनीचं तर वाइननंच पोळलं होतं. जंगलाकाठच्या मोहर्लीतल्या एका रिसॉर्टचं जेवणघर ती सांभाळायची. मागच्या विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर तिनं बाटल्या घेतल्या, अन् लेबलावरची द्राक्षं आत औषधालाही निघाली नाहीत. मालकानं बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं.

म्हणून वायनरीत काम करणारा हा गडचिरोलीचा भूपेश वाइन विकायला आला... त्याला तिनं दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा पर्यटक जंगलात गेले होते अन् थंडीचं कोवळं ऊन टेबलावर पडलं होतं. पोरगा दिसायला बरा होता, तिथंच तिला संशय आला.

"सत्तर टक्के शिराझ, तीस टक्के कॅबर्ने. हे मोजलं कोणं?" तिनं बाटलीवरचं लेबल वाचत विचारलं.

"मीच. दोन जातीची द्राक्षं, दोन्हींची वाइन येगळ्या टाकीत. लिटरवर मोजाची, मंगच मिसळाची."

"अन् मिसळल्यावर?"

"मंग पक्कं कोणालेच नाई सांगता येत. लॅबवाले अंदाज देतात, बस."

"म्हणजे तुमच्यावर भरोसा ठेवाचा?"

"तेवढंच तर मागून राह्यलो, मॅडम..."

असं सरळ बोलणारेच बुडवतात. दामिनी आत गेली, त्याच बाटलीतून दोन ग्लास भरून आणले. "एकात शिराझ जास्त हाय. कोणत्यात, सांगा."

भूपेशनं एक घोट घेतला, दुसरा घेतला, पुन्हा पहिला. ऑर्डर हातची चालली हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, अन् तिला ते बघवेना.

"मले दोन्ही सारख्याच लागून राह्यल्या," तो म्हणाला. "पायजे तर दुसरीकडून घ्या. खोटं नाई सांगत."

तो खोटं बोलला असता तर बाईचा जीव सुटला असता. आता जीव पुरता गुंतला.

"एकाच बाटलीतल्या हायेत," ती हळूच म्हणाली. "पेट्या पाठवा."

"पाठवत नाई. मीच आणतो."

"काऊन?"

"तुमाले पाहाले."

दामिनीचे कान तापले, पण डोळे बारीकच राहिले. "घरी बायको हाय का?"

"नाई."

"तुमच्या आईले विचारीन."

"विचारा ना..." त्यानं नंबर सांगितला. तिनं तिथंच लावला.

"मी मोहर्लीहून बोलून राह्यली—"

"दामिनी काय?" पलीकडून आवाज आला. "घरी कवा येतेस, बाई?"