टाचणी आणि दिवेवाला

परदेशात आपल्या भाषेत बडबडण्याचं एक मोठं सुख असतं, कुणाला काही कळत नाही. नाटक कंपनीच्या शिवणखोलीत नोकरीला लागून तिला जेमतेम तीन दिवस झाले होते, आणि हे सुख ती मनसोक्त लुटत होती. समोर राजाचं काम करणारा धिप्पाड नट हात पसरून उभा होता. त्याच्या अंगरख्याच्या दोन बाजू काही केल्या जुळेनात. ओठांत चार टाचण्या धरून, चेहरा अगदी हसरा ठेवून ती पुटपुटली, "पोट आत घ्या महाराज, नाहीतर पहिल्याच प्रवेशात राज्य उघडं पडायचं."

वरून कुणीतरी खुदकन हसलं.

तिने मान वर केली. शिडीच्या टोकावर एक माणूस दिवा बसवत होता. "महाराज आत्ताच दुसऱ्यांदा जेवून आलेत," तो चक्क मराठीत म्हणाला. "तुमचा काही इलाज चालायचा नाही."

तिच्या ओठांतल्या चारही टाचण्या खाली पडल्या. तेव्हापासून तो तिला टाचणी म्हणायला लागला आणि ती त्याला दिवेवाला.

पुढचं सगळं चहाच्या सुट्टीत घडलं. शिवणखोलीच्या काचेच्या छपरावर पाऊस टपटपत असायचा, आणि हा दोन कप घेऊन हजर. आठवड्यातून तीनदा तरी धडधाकट दिवे काढून तेच पुन्हा बसवायचा.

"तो दिवा कालच बदललास ना?" ती विचारायची.

"हो, पण मन भरलं नाही."

"दिव्याचं?"

"दिव्याचं कशाला…" एवढं म्हणून तो शिडी उचलून निघून जायचा. ती मग अर्धा तास एकच टाका घालत बसायची.

एक गोष्ट मात्र त्याला खुपत होती. रोज दुपारी साडेचारला तिचा फोन वाजायचा आणि ती पर्स घेऊन बाहेर जायची. मुख्य शिंपीण जाडजूड चष्म्याची आणि त्याहून जाडजूड खात्रीची बाई होती. तिने परस्पर ठरवून टाकलं की पोरीचं लग्न ठरलंय आणि मायदेशातून होणारा नवरा फोन करतो. तिने ते अख्ख्या कंपनीला सांगितलं. टाचणीने ते कधी खोडून काढलं नाही, कारण हा गैरसमज तिच्या सोयीचा होता.

खरं तर तो फोनमधला गजर होता. बाहेर जाऊन ती एक गोळी घ्यायची, एवढंच.

सात वर्षांपूर्वी तपासणीत तिला एचआयव्ही असल्याचं कळलं होतं. तो ज्याच्याकडून आला तो नवरा आता नवरा राहिला नव्हता. काकूने तिचा कप वेगळा ठेवला, तेव्हा आई त्याच कपातून चहा प्यायली आणि काकूकडे बघत राहिली. मग औषधं सुरू झाली, अंगात जीव आला, हाताला कला होती ती कामाला आली. इथल्या दवाखान्यातली नर्स दर सहा महिन्यांनी रक्त घेऊन म्हणायची, "विषाणू सापडतच नाही बाई, गोळ्या अशाच चालू ठेव." ती रविवारी टेकडी चढायची, पोटभर हसायची. उसवलेलं आयुष्य तिने स्वतः पुन्हा शिवलं होतं. फक्त कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, हे मनाशी पक्कं होतं… आणि आता हा शिडीवाला.

"सांगून टाक," आई फोनवर म्हणाली. "जाणारा असला तर चहावरच जाऊ दे. संसार मांडल्यावर नको."

"आणि खरंच गेला तर?"

"तर मला फोन कर," आई म्हणाली.

पहिल्या प्रयोगाला दोन दिवस उरले होते. नायिकेच्या पांढऱ्याशुभ्र झग्याची खालची दुमड घालायची राहिली होती. ती जमिनीवर बसून शिवत होती आणि तो शेजारी दिवा धरून बसला होता. इतक्या जवळ, की त्याच्या ओल्या कोटाचा वास येत होता.

"मी दौऱ्यावर जातोय," तो म्हणाला. "तीन महिने."

"का?"

"कंपनीने विचारलं, मी हो म्हटलं." मग जरा थांबून, "साडेचारला तू उठतेस ना… ते रोज बघवत नाही मला."

सुई सटकली आणि बोटात गेली. पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला. शिवणखोलीत याचा नियम होता : ज्याचं रक्त, त्याच्याच थुंकीने डाग जातो. तिने झटकन बोट तोंडात घातलं, मग दोरा थुंकीने ओला करून डागावर चोळला. डाग जातोय तोवर त्याने खिशातून रुमाल काढून तिचा हात धरला. तिने हात हिसकावून घेतला.

"हात लावू नकोस."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. दुसऱ्या कुणाची तू, मी विसरलोच."

"कुणाची नाही रे मी," ती म्हणाली, आणि मग थांबताच येईना. गोळी, नवरा, काकू, तपासण्या, सगळं सांगितलं. औषधं चालू आहेत, माझ्यापासून तुला धोका नाही हे मला माहितीये, तरी रक्त दिसलं की हात आपोआप मागे जातो, हेही सांगितलं. तो ऐकत होता. त्याच्या हातातला दिवा खाली आला होता. तेवढ्यात रंगमंचावरून त्याला हाक आली. तो उठला आणि तसाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शिडीवर दुसराच माणूस होता.

"गेला," तिने आईला सांगितलं. "तू म्हणालीस तसाच, चहावरच."

"जेवलीस का?" आईने विचारलं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी तो आला, नखशिखान्त भिजलेला. तिने मान वर केली नाही.

"परवा मी घाबरलो," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? घरी गेलो तरी घाबरलेलाच होतो. म्हणून काल सुट्टी काढून डॉक्टरकडे गेलो. तुझं नाव नाही घेतलं. अर्धा तास डोकं खाल्लं त्याचं."

"मग?"

"तू सांगितलंस तेच म्हणाला. औषध नियमित आहे, विषाणू सापडत नाही, म्हणजे जोडीदारालाही होत नाही. मी तीनदा विचारलं, तो तीनदा तेच म्हणाला. वर, मुलंही होऊ शकतात म्हणाला."

तिने आता मान वर केली. "मुलांचं कुणी विचारलं होतं?"

"मी नाही. तो आपणहून बोलला…" त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, एकदाच विचारलं."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. "आणि दौरा? तीन महिने जाणारच ना तू?"

"सही केलीये, जावं लागेल." त्याने खिशातून ओला झालेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. दौऱ्यावर जाणाऱ्यांची यादी होती. शेवटून दुसरी ओळ कोरी होती. "त्यांना शिवणारं माणूस हवंय. मी तुझं नाव सांगितलं नाही, आधी तुला विचारायचं होतं."

"काय?"

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "दवाखान्यातून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात का गं?"

आजवर तिला पुष्कळ गोष्टी विचारल्या गेल्या होत्या. कुठून झालं, कसं झालं, आता पुढे काय. हे कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले, तिने ते बाहीला पुसले.

"रडतेस का? नाही मिळत?"

"मिळतात," ती म्हणाली. तिने यादी गुडघ्यावर घेतली आणि कोऱ्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. "पण मी चार महिन्यांच्या मागते. तुम्हा नाटकवाल्यांचं वेळापत्रक मी चांगलं ओळखून आहे."