मागच्या सीटवरचा तुकाराम

बस अवनी, चहा घे. चावी देतो, पण आधी ऐक. मी बदलीवर कणकवलीला गेल्यावर ही गाडी तुझ्या ताब्यात असणार, आणि तू घाटावरची, तुला हे इथलं कोणी सांगणार नाही.

गेल्या वर्षी किनाऱ्याच्या गस्तीसाठी आपल्या पोलीस ठाण्याला या विजेच्या स्कूटर आल्या. साहेबांनी नारळ फोडला, फोटो निघाले. गस्तीच्या प्रत्येक ठिकाणी एक चौकोनी स्टिकर. तिथे जाऊन मोबाईलने स्कॅन केलं की नोंद होते. शेवटचं ठिकाण म्हणजे वेताळाचा खडप. समुद्रात घुसलेले काळे खडक, त्यावर लोखंडी खांब, खांबावर स्टिकर आणि पाटी: पोलीस गस्त, रोज सायंकाळी ६.४०.

आता तिथवर रोज कोण मरायला जाणार? मी स्टिकरचा फोटो काढला, छापून घेतला आणि वाटेवरच्या भाईच्या टपरीत बाकाखाली चिकटवला. खडपावर रेंज नाही, म्हणून त्या स्टिकरसाठी ॲप जागा तपासत नव्हतं. भजी खायची, बाकाखाली मोबाईल धरायचा, शेरा लिहायचा, 'सर्व शांत'. झाली गस्त.

कार्तिकात तुकारामची होडी त्या खडपावर फुटली. सकाळी लोकांना त्याचा निळा चौकड्याचा सदरा खांबाला बांधलेला सापडला. तो नाही सापडला. पाय मोडला असावा. पाटी वाचून तो खांबाशी थांबला होता गं, माझी वाट बघत.

त्याची बायको यमुनाबाई ठाण्यात आली. मासळीची पाटी बाहेर ठेवून हळूच म्हणाली, "तुमी थंय गेल्लास मां? माजो घोव दिसलो नाय?"

मी म्हटलं, "नाय गो वयनी. थंय कोण नव्हतो."

तिचा विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी तिने मला चार बांगडे पाठवले, आमच्यासाठी फिरतात बिचारे म्हणून. ते मी खाल्ले. मग तर खडपाकडे जायची माझी छातीच होईना. बाकाखालचा स्टिकर चालूच राहिला.

महिनाभराने, टपरीतच होतो, घरून फोन आला. अक्षदा, माझी दहा वर्षांची पोर, मैत्रिणींबरोबर खडपावर कालवं काढायला गेलेली. बाकीच्या परतल्या, ही नाही. आणि भरती लागलेली.

गाडी काढली. टपरीपलीकडे नेतच नव्हतो, तर चार्जिंग कोण करतो? घाटीच्या चढावर बॅटरी संपली. दिवा विझला. खाली पाणी खडकांवर आपटत होतं, बाकी अंधार. ढकलत होतो, रडत होतो. शेवटी ओरडलो, "तुकाराम, माका काय करायचा ता कर... पोरीक नको रे..."

गाडी हलली. बॅटरी शून्य आणि गाडी चढ चढायला लागली. या गाडीला इंजिनाचा आवाज नाही ना, म्हणून मागे कोण श्वास घेतंय ते नीट ऐकू येतं. ओला, घरघरता श्वास. मानेवर खारं पाणी टपकत होतं. मी मागे बघितलं नाही.

खांबाशी पोचलो. अक्षदा छातीभर पाण्यात होती, पण वाहून गेली नव्हती. कमरेला कापड गुंडाळून तिला खांबाला बांधलेलं. गाठ होडीवाल्याची, मला सुटता सुटेना.

"काकान माका बांदल्यान," ती कुडकुडत म्हणाली. "म्हणालो, हलू नको, आता पोलीस येतलो..."

मोबाईलच्या उजेडात बघितलं, कापड निळ्या चौकड्याचं होतं. तुकारामचा सदरा ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत सीलबंद होता. रात्री जाऊन पाकीट बघितलं. सील जसंच्या तसं, पाकीट तळाशी ओलं.

बाकाखालचा स्टिकर फाडला आणि सकाळी यमुनाबाईपुढे सगळं कबूल केलं. वाटलं, तोंडात मारील. तिने माझ्या पोरीबद्दल एवढंच विचारलं, "चेडू वाचला मां?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मगे आता तेका घराक हाडा."

तेव्हापासून रोज जातो. सहा चाळीसला खांबाशी गाडी लावतो, म्हणतो, "चल रे, घराक चल." मागचं चाक दबतं. बॅटरी दोन माणसांच्या वजनाने उतरते. सावकाश चालवत यमुनाबाईच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आणतो. ती दिवा घेऊन दारात उभी असते. मी थांबतो. दोघंही वाट बघतो.

पण तो उतरत नाही गं. साडेतीन महिने झाले, एकदाही उतरला नाही. ती दिवा घेऊन आत जाते, आणि तो माझ्या मागे माझ्या घरी येतो.

माझ्याशी बोलत नाही तो. तू नवीन आहेस, तू त्याचं काही वाकडं केलेलं नाहीस. तू विचारून बघ, मी अजून काय करू ते. ही घे चावी. सीट पुसत बसू नकोस, सुकत नाही.