सलोनीची राखण

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मे २००४, देवबागचा खाडीकिनारा, भर दुपार. हो, दुपार! भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं तुम्हाला?

सलोनी माझ्या भावाची, दाजीची थोरली. चौदा वर्षांची. गालांवर लाल चट्टे उठले, सांधे आखडले. गोव्याच्या डॉक्टरांनी ल्युपस नावाचं दुखणं सांगितलं. बजावलं, उन्हात नेऊ नका, गोळ्या बंद करू नका.

पण आमचे शहाणे! गोळ्यांनी पोरीचं तोंड सुजलं, म्हणून दाजीने गोळ्याच बंद केल्या. वर आनंदीवहिनी म्हणाली, "जरा ऊन लागला तर हाडा मोकळी होतली."

आणि बसवलं तिला वाळूत, सुकत घातलेल्या बांगडा मासळीपाशी. कावळे हाकायला. हातात काठी, पुढ्यात पत्र्याचा डबा.

ठण... ठण... ठण...

मी भांडले, पोरीचा जीव घेशील म्हणून. "चेडवाक मारतलस गो आनंदी!" माझं कोण ऐकतंय!

किडन्या गेल्या. मग झटके सुरू झाले. पोर गेली.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. माडावर कावळेच कावळे. एक खाली उतरला, पिंडाजवळ आला...

आणि दचकून उडाला.

दुसरा आला. तोही उडाला.

पिंडाजवळ कुणीच नव्हतं. वारासुद्धा पडलेला.

मग ऐकू आलं...

ठण... ठण...

डबा तर घरी होता! मीच पडवीत पालथा घालून आले होते.

दाजीने हात जोडले. "धाकट्या वर्षालीक कधी उन्हात बसवूचंय नाय!" वहिनी वाळूत लोळत ओरडली, "सलोनी, आता तरी सावलीत ये गो!"

कावळा काही शिवला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

आजही भर दुपारी डबा वाजतो, दाजीच्या मासळीवर कावळा बसत नाही. आणि मेला दाजी म्हणतो कसा, "बरा आसा, राखणेक कोण लागणा नाय."

गेल्या मे महिन्यात मला राहवलं नाही. सलोनीच्या जागेवर मी छत्री रोवून आले.

त्या दुपारी डबा वाजला नाही...

आणि कावळे मासळीवर तुटून पडले.

दाजीने छत्री उपटून खाडीत फेकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसले होते. दार लावून घेतलं, कानात बोटं घातली. तरी ऐकू आलंच...

ठण... ठण...